तराफ्यावरची काठी

प्रिय चिनामी,

प्रिय लिहिलंय ते सवयीने. आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच. नवीन वर्षाला तुझं कार्ड मिळालं. घोड्याचं चित्र, खाली छापील शुभेच्छा, आणि हाताने लिहिलेलं एक अक्षर नाही. मी पोस्टमनला विचारलं, अरे, हे मला आलंय की पतपेढीला? तो म्हणाला, पतपेढीच्या कार्डावर निदान सही तरी असते. तरी मी ते तुझ्या काकांच्या फोटोपुढे ठेवलंय. बघू देत त्यांनाही, पोरगी लिहायला किती शिकली ते.

मग मंगळवारी तुमच्या कंपनीच्या संघाच्या हिराओका साहेबांचा फोन आला. हा माणूस फोनवरसुद्धा वाकून नमस्कार करतो, त्याच्या श्वासावरून कळतं. हवापाणी झालं, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, मग हळूच म्हणाले, मे महिन्यात इटलीला दहा किलोमीटरची शर्यत आहे, चिनामीने तिथे नंबर काढला नाही तर कंपनी तिचा खर्च करायचं थांबवणार. म्हणजे पोहणं संपलं. आणि तराफ्यावर काठी धरायला तिने तुमचंच नाव दिलंय. फक्त तिची एक अट आहे. काही झालं तरी तुम्ही तिला हात द्यायचा नाही. तेवढं वचन दिलंत की तिकीट काढतो. मी म्हटलं, साहेब, हे तिला स्वतः सांगता येत नाही का? तर म्हणाले, ती फार दमलेली असते हो. म्हटलं, दमलेली मीही असते, पण भांडायला वेळ काढते. त्यावर त्यांनी परत नमस्कार केला आणि फोन ठेवला.

इकडे उडत्या माशांचा हंगाम कधीच उलटला. आता मच्छिमार सोसायटीत नुसतं सुकवलेल्या माशांची पाकिटं भरायचं काम चालू आहे. सकाळी बसलं की दुपारपर्यंत बोटं आपली राहत नाहीत, आणि अंगाला असा वास येतो की मांजरं मला नातेवाईक समजतात. आमच्या कियो बाईला मात्र तुझा विषय पुरतो. टीव्हीवर दाखवलं ना ते, कोरियातल्या शर्यतीत मी तुला तराफ्यावर ओढून घेताना. रोज विचारते, हिसानो, कोरियात तुझ्या काठीला लागलेली ती केवढी होती गं? मी सांगते, साठ किलोची, आणि जिवंत निघाली. सगळ्या हसतात. एक दिवस मात्र कियो नीट विचारायला लागली, की पोरगी जराशी थांबून पाणी का पीत नाही, काठी कशाला लागते? मग मी तिला समजावलं, की बाई, मधे थांबायला तिथे जमीन नसते. फेऱ्या मारताना दर वेळी तराफ्याजवळून जायचं, आपलं माणूस लांब काठीच्या टोकाला पेला अडकवून उभं असतं, तो पेला उचलायचा, पाठीवर वळून घोटभर प्यायचा, फेकायचा आणि पुढे. काठीवरचा पेला चालतो, पण तराफ्याला धरलं, माणसाचा आधार घेतला, की पंच हात वर करतो आणि शर्यत संपली. कियोने हातातला मासा खाली ठेवला. म्हणाली, म्हणजे दमलेल्या माणसाला हात दिला की तो बाद? हा कुठला खेळ? मी पुढचं पाकीट भरायला घेतलं. ती चहा करायला उठली.

आपल्या लोकांची मला गंमत वाटते, चिनामी. सकाळपासून आपण एकमेकांना सारखं म्हणत असतो, दमलात हो. सोसायटीतून निघताना म्हणतो, बोटीवरून उतरणाऱ्याला म्हणतो, फोन ठेवताना म्हणतो. पण समोरचा कधी म्हणत नाही, की हो, दमलो. तसं कोणी म्हणालाच तर आपण घाबरून डॉक्टरला बोलावू. तुझे काका तर त्यातले अर्कच. दिवसभर जाळी ओढून यायचे आणि मी दमलात का विचारलं तर म्हणायचे, कोण, मी? जसं काही घरात तिसरं कोणी उभं होतं.

तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तेव्हा नऊ वर्षांची होतीस. तुझा बाप बोटीवर नोकरीला, आई फुकुओकाला निघून गेलेली, आणि तू आमच्या ओट्यावर बसून न विचारता माझी काकडी खात होतीस. काका गावच्या पोरांना बोटीमागे पोहायला नेत, त्यांच्यात तुला घातली. तू काही वेगवान नव्हतीस, उगाच फुगू नकोस. खाडीच्या अर्ध्यात बाकीच्या पोरी तुझ्या पुढे जाऊन केस पिळत उभ्या राहायच्या. पण त्या थांबल्या तरी तू थांबायची नाहीस. काका बोटीवरून ओरडायचे, बस, झालं आता, आणि तू ऐकलंच नाही असं दाखवून परत वळायचीस. एक दिवस घरी येऊन ते जेवताना म्हणाले, ही पोरगी लांबच्या पाण्याची आहे. मी म्हटलं, असेल, पण आपल्या घरातला भात जवळचा आहे म्हणून येते. ती काठी त्यांनी तेव्हाच केली, जुन्या गळाच्या बांबूची, टोकाला नळाच्या पाइपाचं कडं बसवून. पुढे संघाने चकचकीत ॲल्युमिनियमची दिली तरी सरावाला हीच. पेल्यात संघाची पूड कालवायची हे काकांचं काम, आणि काकांची पाठ वळली की त्यात खारवलेल्या आंबट उमे फळाचं पाणी घालायचं हे माझं. एकदा भर शर्यतीत टीव्हीवर तुझं तोंड असं वाकडं झालं होतं, की समालोचक म्हणाला, खेळाडूला वेदना होत असाव्यात. निघायच्या आधी तुझ्या मानेला, काखेत त्सुबाकीच्या बियांचं तेल मीच चोळायची, म्हणजे खारं पाणी कातडी सोलणार नाही. खांदे तेव्हा तुझे कोवळे होते. मागच्या शरदात चोळले तेव्हा लाकडासारखे लागले.

तैवानच्या शर्यतीचं मी फार लिहीत नाही, तू तिथे होतीस, मी नव्हते. तू तिसरी आलीस. काकांनी शेवटचा पेला दिला, तू शर्यत संपते त्या शेवटच्या पाटीला हात लावलास, ते टाळ्या वाजवून तंबूमागे बर्फाच्या पेटीवर जाऊन बसले. तू पदक घालून आलीस तेव्हा तुला वाटलं डोळा लागलाय. म्हणून तू त्यांना उठवलं नाहीस, शेजारी बसून केळं खाल्लंस. हे तू मला राख घरी आणल्यावर सांगितलंस आणि खूप रडलीस, की मी केळं खात होते, काकू. सगळ्यांनी समजूत काढली, अचानक गेले, काही कळलं नाही त्यांना, आनंदात गेले. मीही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत राहिले. बरं वाटायचं सांगताना.

आता कोरिया, काकांच्या जागी मी काठी धरलेली. तिथलं तू मला सांगितलंस ते असं, की तुला थोडी थंडी वाजली होती, हात पेल्यासाठी वर केला होतास, आणि काकू घाबरली. तंबूत त्या चंदेरी कागदात गुंडाळलेली होतीस, दात वाजत होते, तरी मला ऐकवलंस, काका असते तर त्यांनी मला ओढलं नसतं. मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली, याचं तुला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. पण तू तोंड फिरवलंस, मग मीही फिरवलं, आणि विमानात आपण दोघी मधे हिराओका साहेबांना बसवून आलो. बिचाऱ्याने कोणाशी बोलावं या काळजीत अख्खी शेंगदाण्यांची पुडी एकेक दाणा करून संपवली.

मी काय पाहिलं ते आता ऐक. पाऊस होता, पाणी गार होतं, रबरी पोशाखाला परवानगी असून तू घातला नव्हतास, खांदे अडकतात म्हणून. चौथ्या फेऱ्यापर्यंत तू पुढच्या घोळक्यात होतीस. मी पेला धरला, तू घेतलास, मी ओरडून म्हटलं, हळू पोह, मागच्यांना लाज वाटतेय, आणि तू पाण्यातच हसलीस. पाचव्याला तू आलीस ती वाकडी आलीस. काठी तुझ्या नाकासमोर होती, पेला काठोकाठ भरलेला, आणि तू त्याच्याकडे पाहिलंच नाहीस. पाठीवर वळलीस. ओठ वांग्याच्या रंगाचे. माझ्याकडे बघून एकदम लहानपणच्या आवाजात विचारलंस, काका कुठेत? मी म्हटलं, पी आधी. तू परत म्हणालीस, काका दिसत नाहीत, काका कुठेत. आणि हात वर केलास. पाठीवर वळल्यावर पेला तुझ्या डाव्या बाजूला होता, चिनामी. हात तू उजवा केलास, माझ्याकडे. तुला हे आठवत नाही हे मला माहीत आहे. मी काठी टाकली, गुडघ्यांवर बसले आणि तुला धरलं. पंचाने हात वर केला तो मी पाहिलाही नाही.

दुसरी गोष्ट त्याच सकाळची. तराफ्यावर माझ्या शेजारी कोरियाच्या मुलीची काठी धरायला क्योंगजा नावाची बाई होती, माझ्याच वयाची. ओसाकात वीस वर्षं हॉटेलात भांडी घासलेली, त्यामुळे आपली भाषा बोलते, शिव्यांसकट. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून तिने विचारलं, तैवानला होते ते तुमचे कोण? मी सांगितलं. तिने आपली काठी खाली ठेवली. मग म्हणाली, ताई, मी त्यांना बस म्हटलं होतं. त्यांचा घाम थांबत नव्हता. कोपर बरगडीला दाबून धरलेलं. मी म्हटलं, मेल्या, खाली बस, तुझी काठी मी धरते, मला दोन हात आहेत. तर म्हणाले, तिचे दोन फेरे राहिलेत, ती मला शोधेल. मी डॉक्टरला हाक मारायला वळले तर माझंच मनगट धरून म्हणाले, शर्यत झाल्यावर. एवढं सांगून तिने मला एक आल्याची गोळी दिली, आणि तेवढ्यात तुमची शर्यत सुरू झाली.

तर त्यांना कळलं होतं. अचानक वगैरे काही नव्हतं. हे मी तुला तंबूत सांगितलं नाही, विमानात सांगितलं नाही, नंतर तर आपण बोलतच नव्हतो. मला वाटलं, पोरीच्या गळ्यात ते पदक आहे, ते उगाच जड कशाला करा. आताही लिहून झाल्यावर दोनदा वाटलं, फाडावं. ते पदक समुद्रात वगैरे टाकायला जाऊ नकोस, तसलं नाटक मला चालणार नाही. ते काकांनी स्वतः ठरवलं होतं. तू मागितलं नव्हतंस.

मग हे सगळं का लिहिलं, तर त्या अटीसाठी. हिराओका साहेबांना मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उत्तर त्यांना द्यायचं नव्हतंच. काका असते तर त्यांनी तुला ओढलं नसतं, हे तू बरोबर बोललीस. त्यांनी स्वतःलाही ओढलं नाही. तुला तसंच माणूस हवं असेल तर खुशाल शोध, बांबूची काठी मी नीट गुंडाळून पाठवते, वर तेलाची बाटलीही ठेवते, आणि रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण बाटली फुटणार नाही अशी बांधीन. मला नेलंस तर मी दर फेऱ्याला पेला धरीन, घसा बसेपर्यंत ओरडून तुझी टिंगल करीन, आणि तुला शेवटच्या पाटीपर्यंत पोहता येत असेल तर तुझ्या नखालाही हात लावणार नाही. पण वचन देणार नाही. तू पाण्यातून तोंड वर काढशील तेव्हा मी तुझं तोंड बघीन, पुढचं काय ते तिथे ठरेल. तुझ्या काकांना बस म्हणायला मी तिथे नव्हते. आता तू सांग, येऊ का?

कशीही असले तरी तुझीच,
हिसानो काकू