रिकाम्या रस्त्यावरचा ब्रेक

सोमवार, ६ जानेवारी २०२५

ड्रायव्हिंग क्लासला नवी बाई आली – मुरुमची सिद्धम्मा. माझ्याच वयाची, पंचेचाळिशीची. नवऱ्याबद्दल म्हणाली, "आमचं मालक आता स्टिअरिंगला हात लावत न्हायत, मॅडम. म्हणून शिकाय आले." क्लच पहिल्याच दिवशी अलगद सोडला. गाडी एकदाही बंद पडली नाही!

मंगळवार, ७ जानेवारी

भर दुपारी उमरगा रोडला. रस्ता मोकळा, वेग चाळीस. बाभळीजवळ तिनं एकदम करकचून ब्रेक मारला. समोर कुत्रंसुद्धा नव्हतं. काचेतून बघत राहिली. मग हळूच – "गेली."

कोण गेली? विचारलं, तर तिनं गाडी पुढं काढली.

गुरुवार, ९ जानेवारी

आज पुन्हा. तिथंच.

गाडी कडेला घेऊन नेहमीचं समजावलं – दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद जातो. चाळीसच्या वेगाला तेवढ्यात गाडी अकरा मीटर पुढं गेलेली असते. ऐंशीला बावीस! ब्रेक लागल्यावर थांबायला चाळीसला आणखी नऊ मीटर. वेग दुप्पट केला की हे नऊ चौपट होतात – छत्तीस.

"म्हंजे चाळीसला वीस, ऐंशीला अठ्ठावन्न," ती लगेच म्हणाली. सगळं पाठ असल्यासारखी.

मग बाभळीकडं बघत – "आमच्या गावची सखूबाई तीस मीटरवर हुती. डोक्यावर गवताचा भारा. मालकाच्या गाडीखाली गेली, दिवाळीत. मालकावर केस चालूय."

मान न वळवता, "चाळीसला असती गाडी, तर धा मीटर उरलं असतं."



शनिवार, ११ जानेवारी



आज थांबणार नाही, असं कबूल केलं होतं तिनं. बाभूळ आली. तिचा पाय ब्रेकपासून लांब – मी बघत होते. तरी गाडी करकचून थांबली.

माझ्या बाजूच्या, शिकवणाऱ्यासाठीच्या ब्रेकवर माझाच पाय होता! कधी ठेवला? मला काही दिसलं नव्हतं. काहीच नाही. ओल्या गवताचा वास तेवढा आला, दोन्ही बाजूला वाळलेले बांध असताना.

"तुमाला बी?" सिद्धम्मानं विचारलं.

रविवार, १२ जानेवारी

क्लास बंद. बरं झालं.

सोमवार, १३ जानेवारी

सिद्धम्मा आज स्टिअरिंगवर बसलीच नाही. "पोलीस ठाण्यात सोडा, मॅडम." वाटेत एवढंच बोलली – "त्या दिवशी मालक शेजारी बसलं हुतं. गाडी म्याच चालवत हुते."