बुधवारी येणाऱ्या मॅडम

प्रिय ठकूबाई,

फोनवर बोलायचं तर तुझे आजोबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र. अक्षराला हसायचं तर खुशाल हस.

अगं, बसच्या हापिसातून एक मॅडम यायच्या, दर बुधवारी. तुझ्या आजोबांसारखे जुने ड्रायव्हर रिटायर होऊन घरी बसले, त्यांच्या डोक्यातले रस्ते त्यांच्याबरोबर जायला नकोत, म्हणून ते काढून कॉम्प्युटरमध्ये घालायचे, असं त्यांचं काम. नव्या ड्रायव्हरला म्हणे समोरच्या पडद्यावर सगळं दिसणार. मॅडमनी आवाज टिपून घेणारं काडेपेटीएवढं यंत्र टेबलावर ठेवलं, लाल दिवा लागला आणि तुझे आजोबा चक्क बोलायला लागले! दवाखान्याच्या चढावर गिअर आधीच बदला, नाहीतर उभी माणसं एकमेकांवर पडतात. पुलावर संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं. शाळेच्या वळणावर हॉर्न नको, पोरं दचकून रस्त्यात पळतात. मी दारात खिळून उभी! इतका गोड आवाज आहे या माणसाचा, मला पत्ताच नव्हता. ‘हं’ आणि ‘बरं’ एवढ्यावर संसार झाला गं आमचा. तू इथे होतीस तोवर त्यांच्या वाटचंही तूच बोलायचीस, म्हणून जाणवलं नाही. तू नोकरीला गेलीस आणि घर गपगार झालं.

मग मी काय करायची, सांगू? गप्पा रंगल्या की मध्येच तोंड घालायची. आज पुरे हो मॅडम, यांना दम लागतो, बाजाराचा रस्ता पुढच्या बुधवारी! दम कसला लागतोय, घोड्यासारखे ठणठणीत आहेत. मॅडमही लबाड, सगळं कळून गालात हसायच्या. पण रस्ते तरी किती पुरणार? बाजार संपला, स्टेशन संपलं. काम पुरं झालं म्हणाल्या आणि आभार मानून गेल्या. या बुधवारी आजोबा तरीही इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. जेवताना त्यांनी मीठ मागितलं, तेवढाच आवाज.

तर तू सुट्टी काढून ये. तुझा फोन टेबलावर ठेव आणि हापिसाचं काम आहे म्हणून सांग, त्याशिवाय ते तोंड उघडायचे नाहीत. आधी रस्त्यांचं विचार. मग हळूच विचार, शेवटची फेरी आटपून घरी येताना मनात काय असायचं. मी विचारलं तर ‘हं’ म्हणतील. तुला सांगतील. मी आतल्या खोलीत असेन, ऐकत.

वाट बघणारी, तुझीच
आजी