वॉकमनच्या झाकणावर अप्पा

अप्पा, तुम्ही फोटो काढून घेतलात यावर माझा आजही विश्वास बसत नाही. गंगेकाठी शिंदे घाटावर यात्रेकरूनं कॅमेरा वर केला की उपरणं तोंडावर ओढणारे तुम्ही! फोटोनं आयुष्य घटतं, हे तुमचं ठाम मत. दादाच्या मुंजीतही फोटोवाल्याकडे पाठ करून बसलात. आई म्हणालीच, "मुंज पोराची, आणि फोटोत बापाची शेंडी!"

मी एम.एस्सी.ला नागपूरला निघाले होते. मामानं वॉकमन पाठवला, आणि तुम्ही कोऱ्या कॅसेटवर आपल्या आवाजात पहाटेची स्तोत्रं भरून दिलीत. मागे आईचा खलबत्ता वाजतोय. पण मला तेवढ्यानं कुठलं भागायला! विकतच्या कॅसेटला छान चित्र असतं, तेही डबीवरच राहतं. वॉकमनमध्ये नुसती काळी खिडकी. ऐकताना चित्र दिसायला हवं, हा माझा हट्ट. कॅलेंडरातला गणपती कापून झाकणावर चिकटवला आणि वॉकमन कमरेला अडकवून मंगला गौरीच्या गल्लीतून मिरवत आले. तुम्ही दारातच उभे. "राम राम राम! देव कमरेला? अगं, अक्कल आहे का जरा? हे लटकवून तू संडासातही जाशील!" मी म्हटलं, "मग कुणाचं चित्र लावू? नुसता डबा बरा नाही दिसत." तुम्ही गणपती अलगद सोलून काढलात आणि पंचगंगा घाटावर जाऊन गंगेत सोडलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वॉकमनसकट गायब. संध्याकाळी तो माझ्या हातात ठेवलात, तर झाकणावर तुम्ही! डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले, दात उपटायला बसवल्यासारखे. मी किंचाळलेच. आई धावत आली, बघितलं आणि मटकन खालीच बसली. "कुठं काढलात हा?" तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "पलीकडच्या काठाला, रामनगरला. नावेनं गेलो. इथं कुणी बघितलं असतं तर हसं झालं असतं." मग माझ्याकडे वळून, "देव कमरेला चालत नाही. बाप चालतो."

दिवाळीच्या आधी हॉस्टेलवर दादाचा फोन आला. "अप्पा नाही राहिले गं." घाटावर यजमानाला संकल्प सांगता सांगता तुम्ही कलंडलात, ते उठलाच नाहीत. मी वॉर्डनच्या खोलीत रिसीव्हर धरून उभी, आणि कमरेला तुम्ही. रडूसुद्धा येईना. डोक्यात एकच, की माझ्या हट्टापायी अप्पा गेले. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. आज मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, फोटोनं काय होतं आणि काय होत नाही हे मला चांगलं कळतं. आई मला एका शब्दानं बोलली नाही. पण तेराव्याला हार घालायला तुमचा तो एकुलता एक फोटो तिनं मागितला नाही. भिंत कोरीच ठेवली.

इतकी वर्षं मी तुमच्यावर चिडलेय, अप्पा. इतकं मानत होतात, तर गेलात कशाला त्या स्टुडिओत? पोरीचा हट्टच तो, चार दिवसांत विसरले असते. हे लिहून ठेवतेय खरी, पण पाठवणार कुठं!

परवा माझी लेक शिकायला परगावी निघाली. म्हणाली, "आई, तुझा एक फोटो काढू दे, फोनवर लावते." मी पदर सारखा केला, उभी राहिले, हसलेसुद्धा. कुणाला कळलं नाही, पण अप्पा, माझे पाय लटपटत होते.