तिसऱ्या मजल्यावरची आरोळी

वेस्टन फॉल्स, ओहायो
१२ सप्टेंबर १९८३

ती. ओपलताईस,
डेलमरचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे असं विचारलंस. तो आहे, आणि आपलं अस्तित्व मला क्षणभरही विसरू देत नाही.

बातमी अशी, की तुझ्या भाचीला कॉलेजच्या वसतिगृहात खोली मिळाली, तीही नेमकी मी सफाई करतो त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. पोरीची आई हेझल गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आता मी एकटा. म्हटलं, कामावर तरी लोरीन रोज दिसेल. पण मुलींच्या वसतिगृहाचा नियम असा, की सफाईवाल्यानं जिन्याच्या तोंडाशी उभं राहून 'पुरुष माणूस येतोय' अशी आरोळी ठोकायची, मगच आत पाऊल टाकायचं. आरोळीसरशी दारं धडाधड लागतात, टॉवेल गुंडाळलेली सगळी स्त्रीसृष्टी अंतर्धान पावते आणि तिच्यात माझी लेकही. म्हणजे पोरीला रोज सकाळी मीच हाकलतो.

कामावर मला ओळख दाखवू नकोस, असं मी तिला पहिल्याच दिवशी बजावलंय. मोठ्या घरच्या मुली आहेत, नावं ठेवतील. ती लगेच 'बरं' म्हणाली. इतक्या चटकन ऐकायची तिची रीत नाही, म्हणून जरा लागलं.

आता मुकादम डॉब्स म्हणतोय, विज्ञान विभागाची इमारत घे, लिफ्ट आहे, म्हातारपणी पाय उरतील. महिनाअखेरीस उत्तर द्यायचंय. इथे निदान ती दारापलीकडे तरी असते. काय करू?

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढीव मला पेलायचा नाही.

तुझा
डेलमर


वेस्टन फॉल्स
२१ सप्टेंबर

ती. ओपलआत्यास,
लोरीनचा नमस्कार.

बाबांना भेटतेस का, असं विचारलंस. भेटत नाही, ऐकते. जिन्यात बादलीची चाकं कुरकुरतात, मग ते ओरडतात. माझ्या खोलीतली बेव्हर्ली म्हणते, या माणसानं चर्चमध्ये गायला हवं होतं, इथे आवाज वाया चाललाय. मी दाराला पाठ लावून उभी असते. मॉप आमच्या दारापुढे आला की जरा रेंगाळतो. दार उघडावंसं फार वाटतं. पण त्यांनी बजावलंय. आणि झाडूपोछा करताना मुलीनं पाहावं, हे त्यांनाच नको असेल.

हे त्यांना सांगू नकोस, तुला माझी शपथ.

तुझ्या मायेची,
लोरीन


पाइकव्हिल, केंटकी
२८ सप्टेंबर

चि. डेलमरास,
ओपलचे आशीर्वाद. वि. वि.

मला शपथ घातली गेली आहे, कुणी ते विचारू नकोस. इतकंच सांगते, गुडघ्याला तेल चोळ आणि त्या जिन्यावरून हलू नकोस. आपल्या घराण्यात सगळे दुसऱ्याच्या भल्यासाठी गप्प बसतात आणि शेवटी भलं कुणाचंच होत नाही.

देव तुला तोंड उघडायची बुद्धी देवो.

ओपल


वेस्टन फॉल्स
५ ऑक्टोबर

ती. ओपलताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा उपदेश पोचण्याच्या आदल्याच दिवशी मी डॉब्सला होकार देऊन बसलो होतो. लोरीनला कळवलं नाही. म्हटलं, सुटली बिचारी.

काल सकाळी इथला, विज्ञान विभागाच्या इमारतीतला जिना पुसत होतो. लिफ्ट पोरांसाठी, जिना अखेर आपल्याच नशिबी. तर लोरीन धापा टाकत आली, केस ओले, पायात सपाता. म्हणाली, आज आरोळी दुसऱ्याच माणसाची आली, मला वाटलं तुम्ही गेलात. मग माझे वडील कुठे आहेत, असं दिसेल त्याला विचारत ती सगळं आवार पालथं घालत आली होती. मी विचारलं, वडील म्हणालीस? नाही तर काय सफाईवाले काका म्हणू, असं तिनं मलाच सुनावलं. बेव्हर्ली अर्ध्या वाटेपर्यंत सोबत होती म्हणे, आणि तुमचा आवाज फार छान आहे असा तिनं निरोप दिलाय.

पायरी ओली आहे, बसू नकोस, म्हटलं. बसली. माझ्या डब्यातलं सँडविच अर्धं खाल्लं, मग हुंदके देत उरलेलंही खाल्लं. तासाची घंटा झाली, तशी उठली. उद्या येते म्हणाली.

आज अजून आलेली नाही. अभ्यास असेल. बाकीचा जिना पुसून झालाय. तेवढी एक पायरी कोरडी ठेवली आहे.

ममता असो.

तुझा
डेलमर