तीन तारे दिसेपर्यंत

मिसिसागा,
बुधवार, २९ ऑक्टोबर १९८०

तीर्थस्वरूप हायमदादास, धाकट्या टिर्झाचा शालोम आणि इथूनच वाकून नमस्कार. मिरियमवहिनींना वेगळा नमस्कार, कारण तुझ्यात गुंडाळून दिलेला नमस्कार त्यांच्यापर्यंत पोचत नाही असा आजवरचा अनुभव आहे.

आम्ही सगळे एलियाहू हन्नाबीच्या कृपेने खुशाल. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमच्या एडमंटनला एव्हाना बर्फ पडून गेला असेल, इथे अजून नुसत्या धमक्या चालू आहेत. माझ्या नवरोबाचं, एलायजाचं, ब्लडप्रेशर ताब्यात आहे. त्याच्यामुळे माझं नाही. मुलांना विचारलं, मामाला काय लिहू, तर थोरली टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "टेल हिम हाय." ते कळवले. तेलावरून तुमच्या अल्बर्टाची आणि ऑटावाच्या केंद्र सरकारची हमरीतुमरी चालली आहे असं रोज वाचते, आणि तू तेल कंपनीच्या ऑफिसात म्हणून काळजी वाटते. (आपले वाडवडील कोकणात घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. एवढ्या पिढ्या शिकून, परीक्षा देऊन, सातासमुद्रापार जाऊन तू शेवटी परत तेलातच पडलास, याचं मला मोठं कौतुक वाटतं.)

पत्रास कारण असं की मी राजकारणात पडले. खुर्चीतून उठू नकोस, आधी पूर्ण वाच. युनियन, डावे, मोर्चे ही नावं काढली की तुझ्या कपाळावर आठ्या पडतात हे मला माहीत आहे. पण तू इथे असतास तर तूही पडला असतास, आणि माझ्यापेक्षा जोरात.

तुला व्हेरॉनिका तुस्कानो आठवते का? वसईची, उंच, आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. विमानात जेवणाचे ट्रे देतात ना, ते जिथे भरतात त्या किचनमध्ये ती माझ्या शेजारच्या टेबलावर असते, आणि आमच्या पाळीची युनियनची पुढारीही तीच. सकाळच्या विमानांचा नाश्ता आम्ही पहाटे भरतो. पहिली बस सुरू होते तोवर आमची पाळी लागून गेलेली असते. म्हणजे आम्ही बायकांनी जायचं कसं? कुणाच्या नवऱ्याने सोडायचं, नाहीतर अंधारात, वाऱ्यात, ट्रकांच्या रस्त्याने चालत. पहाटेची एक बस द्या, एवढंच आमचं मागणं. आमचे इथले आमदार मिस्टर हारगेट तीन निवडणुका "नेक्स्ट इयर, लेडीज" म्हणत आले आहेत. माणूस गोड आहे, खोटं कशाला बोलू. दर वर्षी न चुकता कार्ड पाठवतो. आम्हाला 'हॅपी दिवाळी', व्हेरॉनिकालाही 'हॅपी दिवाळी'. एकदा व्हेरॉनिकाने त्याला सांगितलं की मी कॅथलिक आहे आणि ही टिर्झा ज्यू आहे, तर तो म्हणाला, "वंडरफुल!" आणि पुढच्या वर्षी कार्ड जरा मोठं आलं.

तर यंदा व्हेरॉनिकाने ठरवलं की हारगेटच्याच पक्षात शिरायचं आणि हारगेटचंच तिकीट मागायचं. (तू नाक मुरडतोस म्हणून समजावून सांगते. निवडणुकीच्या आधी पक्षातल्या पक्षात एक सभा होते. ज्याच्याकडे सभासदाचं कार्ड, त्याला मत. जिंकेल त्याला तिकीट. हा पक्ष स्वतःला कामगारांचा म्हणवतो, पण त्या सभेला टाय लावलेलेच लोक जात असत.) मग आम्ही घरोघर हिंडून कार्डं करून घेतली. किचनमधल्या बायका, वसईचे सगळे, आणि आपले लोक. आपल्या लोकांना राजी करणं काय असतं ते तुला सांगायला नको. प्रत्येक घरी आधी चहा, मग पायात दुखणारं हाड, मग मुलीचं लग्न, आणि निघताना चपला घालताना राजकारण. पण विसेक माणसं झाली. व्हेरॉनिका बोटांवर हिशेब करून म्हणाली, "तुमची मतं पडली तर आपण जिंकतो, नाही पडली तर हारगेटचं कार्ड घ्यायचं आयुष्यभर."

आता झालेली चूक ऐक. पक्षाच्या ऑफिसातून फोन आला, सभा शनिवारी ठेवू की रविवारी? व्हेरॉनिकाच्या डोळ्यासमोर चर्च आलं, मिस्सा आली, मिस्सेनंतरचं डुकराच्या मटणाचं सोरपोटेल आलं. तिने एका दमात सांगून टाकलं, "सॅटर्डे, सॅटर्डे! संडे नको." हारगेटच्या बाजूचेही खूश. आणि मीही तिथेच उभी होते रे, कांदा चिरत. मीसुद्धा मान डोलावली! शब्बाथ पाळणाऱ्यांच्या घरात जन्मलेली बाई, आणि मला वाटलं काय, तर बरं झालं, रविवारी लाँड्री होईल.

घोटाळा उघडकीला आणला बिन्यामीनकाकांनी. आमच्या बेसमेंटमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना चालवतात ते. काका म्हणाले, "येतो. बसतो. टाळ्या पण वाजवतो. पण शब्बाथ सुटेपर्यंत मतपत्रिकेवर लिहायला पेन्सिल हातात धरणार नाही." आणि काका धरणार नाहीत म्हटल्यावर बाकीचे कोण धरतात! मी म्हटलं, "काका, तुम्ही गाडीत बसून येणार, दिवा लावणार, दुपारी टीव्ही बघणार, आणि फक्त पेन्सिलला विटाळ?" तर म्हणाले, "टिर्झा, एक पाप केलं म्हणून दुसरं कशाला?" याला काय उत्तर आहे ते तुला सुचलं तर कळव. शब्बाथ सुटतो शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसल्यावर. सभा दुपारची. भाषणं संपली की मतदान, आणि मतदान झालं की पेटी बंद. व्हेरॉनिकाला सांगितलं तर ती मटकन खालीच बसली. म्हणाली, "अगो बाय, माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा!" त्या दिवशी मी हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलले.

शनिवारी शाळेचं जिम माणसांनी भरलं. एका बाजूला टाय, दुसऱ्या बाजूला आमचे लोकरी टोप. व्हेरॉनिका छान बोलली, थोडक्यात आणि मुद्द्याचं. (हीच तर पंचाईत होती.) मग हारगेट बोलले, आणि त्यांच्या बाजूने टोरोंटोहून आणलेले एक मोठे पुढारी उभे राहिले. हे गृहस्थ असे बोलले, असे बोलले, की महायुद्धापासून सुरुवात करून ते महायुद्धाच्या शेवटापर्यंतसुद्धा लवकर पोचेनात. टायवाले घड्याळं बघू लागले. मी मात्र मनात म्हणत होते, बोला बाबा, तुमच्या तोंडात साखर पडो. पण अखेर ते थांबले. एलायजाने दारातून बाहेर बघितलं आणि हात हलवला. अजून लख्ख उजेड.

सभेचे अध्यक्ष एक म्हातारे इंग्रज, न्यायाचे अगदी काटेकोर. ते म्हणाले, त्या बाजूच्या पाहुण्यांनी मर्यादेपेक्षा पुष्कळ जास्त वेळ घेतला आहे, तेव्हा मिस तुस्कानोंच्या बाजूनेही कुणाला तेवढंच बोलायचं असेल तर हरकत नाही. व्हेरॉनिकाने मागे वळून नुसतं माझ्याकडे बघितलं. एलायजाने माझ्याकडे बघितलं. बिन्यामीनकाकांनी, वहिनी ऐका, दोन्ही हात वर केले, तोराचा ग्रंथ उघडताना करतात तसे. लहानपणापासून या तोंडाबद्दल मी किती ऐकलं आहे! आई म्हणायची, हिला गप्प बसवायला लग्न करा. लग्नानंतर एलायजा म्हणायचा, काही उपयोग झाला नाही. आणि आता तोच नवरा मला कोपराने ढकलून म्हणतो, "टिर्झा, जा. कीप टॉकिंग. काहीही बोल, पण थांबू नकोस."

दादा, मी बोलले. आधी बसबद्दल बोलले, ते लगेच संपलं, कारण बसच नाही तर तिच्याबद्दल बोलणार किती? मग ट्रेबद्दल बोलले. कुठल्या खणात काय, झाकण कसं दाबायचं, आमलेट कुठल्या अंगाने ठेवायचं. मग घरमालकिणीने आमच्या सुक्या बोंबलांचा वास आल्यावर अग्निशामक दल बोलावलं होतं तो किस्सा. लोक हसले, मला जोर आला. मग मलिद्याची कृती सांगितली, पोहे, नारळ, गूळ, वेलची, आणि पहिल्या रांगेतल्या हॅटवाल्या बाईने हात वर करून नारळ किती ते विचारलं. अध्यक्ष म्हणाले, याचा उमेदवारीशी संबंध काय? मी म्हटलं, येतोय, सर, संबंध वाटेत आहे, पहाटेची बस नसल्यामुळे चालत येतोय. यावर टायवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मग मात्र सांगण्यासारखं काही उरेना. तेव्हा मी तुझी गोष्ट सांगितली. चौऱ्याहत्तरचा हिवाळा, मी किचनमध्ये नवी, एलायजाची रात्रपाळी, आणि तू आमच्याकडे राहत होतास. रोज पहाटे तू माझ्याबरोबर किचनच्या दारापर्यंत चालत यायचास, नेहमी वाऱ्याच्या अंगाने, म्हणजे वारा आधी तुला लागायचा. मला आत सोडून तेवढंच परत जायचास आणि मग स्वतःच्या नोकरीवर. मी कधी विचारलं की म्हणायचास, "मला फिरायला आवडतं." थंडीत कुणाला फिरायला आवडतं रे? हे सांगताना माझा आवाज भरून आला, आणि ते काही वेळ काढण्यासाठी नव्हतं. सहा वर्षांत तुला हे बोलले नाही, ते अख्ख्या जिमला सांगितलं. (वेळ काढायचा होता म्हणून थोडी फोडणी घातली, ते खाली येईल.) 

तेवढ्यात दारात एलायजा. बाहेर पार्किंगमध्ये बिन्यामीनकाका मान वर करून उभे, आणि त्यांचा निरोप हा बोटांनी आत पोचवत होता. एक बोट. मी बोलत राहिले. दोन बोटं. मी हिवाळ्यातून वसंतात आले. मग तीन बोटं! मी लगेच "थँक यू, लेडीज अँड जंटलमेन" म्हटलं, तोच त्याने घाईघाईने एक बोट मिटलं. तिसरा तारा हलू लागला होता, आणि त्याने चाकं बाहेर काढली होती. विमानतळाच्या शेजारी शब्बाथ पाळायचा म्हणजे काय ते तुम्हा एडमंटनच्या लोकांना कळणार नाही. "अँड वन मोअर थिंग," म्हणून मी पुन्हा माइक धरला, तेव्हा अध्यक्षांच्या तोंडून निघालेला आवाज मी लिहू शकत नाही. काय बोलले ते मलाही आठवत नाही. बहुतेक वहिनींच्या गुडघ्याबद्दल बोलले. शेवटी तीन बोटं वर आली आणि वरच राहिली.

आपले सगळे एका रांगेत उभे राहिले. पुढे बिन्यामीनकाका, हातात पेन्सिल, चेहऱ्यावर तेज. व्हेरॉनिका जिंकली, आणि आपल्या लोकांमुळेच जिंकली, हे तिने माइकवरून सांगितलं. किचनच्या बायका रडल्या, मीही. हारगेटनी येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझ्या बाजूला असायला हव्या होतात." वर 'हॅपी दिवाळी' म्हणाले. (आणि त्याच रात्री घड्याळं तासभर मागे गेली. सभा आठवडाभराने असती तर लवकर अंधार पडला असता आणि माझा घसा वाचला असता.) खरी निवडणूक अजून पुढे आहे, पण आता ती बस येईल असं मला पहिल्यांदा वाटतं आहे. मी मजेत आहे, दादा. चार दिवस गरम पाण्याच्या गुळण्या करते आहे, घरात शांतता आहे, एलायजासुद्धा म्हणतो की करमत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद आणि प्रेम. प्रकृतीला जप.

तुझी धाकटी,
टिर्झा

ता. क. हनुक्काच्या सणाला इकडे ये. विमानाचं भाडं आम्ही देऊ. नुसतं ये म्हणत नाही, यावंच लागेल.

ता. क. २. कारण असं की ती फोडणी जरा जास्त झाली. त्या चालण्यात तुझ्या पायाची दोन बोटं थंडीने गेली, असं मी सभेत सांगितलं. आजच्या साप्ताहिकात ते तुझ्या नावासकट छापून आलं आहे. व्हेरॉनिकाला तुला घेऊन दारोदार प्रचाराला जायचं आहे. तिला खरं सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला, पण ती रडायला लागते. तेव्हा थोडंसं लंगडशील का? डाव्यांसाठी नको, माझ्यासाठी.

ता. क. ३. कुठला पाय सांगितला ते आठवत नाही. एलायजा म्हणतो डावा, बिन्यामीनकाका म्हणतात उजवा. म्हणून दोन्ही पायांनी आलटून पालटून लंगड, आणि लोकांच्या घरी बूट काढलेस तरी मोजे काढू नकोस. आपल्या घरी आलास, दार लागलं, की मग काढ. दहाच्या दहा बोटं मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायची आहेत; त्या हिवाळ्यात मी रोज तुझ्या पायांकडे बघत चालायचे आणि रोज मला हीच भीती वाटायची.