कोथिंबीर पिवळी का पडली

दादा,

तुझ्या खिडकीतल्या कोथिंबिरीचं दुखणं सापडलं. ऊन पुरेसं आहे, कीडही नाही, तेव्हा बियाणंवाल्याला घातलेल्या शिव्या परत घे. पाणी कमी पडलं की पानं कडेने वाळून कुरकुरीत होतात. ही खालची पानं मऊ आणि पिवळी आहेत, मातीचा चिखल झालाय. रोपांना पाणी जास्त होतंय.

काल मी दिवसभर घरी होते, म्हणून मोजलं. बाबांनी सात वेळा पाणी घातलं. दर वेळी मला म्हणाले, "बिचाऱ्यांना आज कुणी विचारलंच नाही बघ." सातव्या वेळी मी म्हटलं, "बाबा, आत्ताच तर घातलंत." तर हसले, "मला काय वेड लागलंय?"

'वय झालं की असंच' म्हणून तू हात झटकशील, माहीत आहे. मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे चाललेय. तूही दुपारी तिकडेच ये, एकटीने ऐकायचं धाडस माझ्यात नाही.

झारी लपवू नकोस. कोथिंबिरीच्या डब्यांना खालून भोकं पाडली आहेत, जास्तीचं पाणी निघून जाईल. त्यांना घालू दे.

– धाकटी