टेबलावर राहिलेली नोट

आप्पा,

राणी पाया पडते. साताऱ्यात माझं झ्याक चाललंय. आपल्याकडं टँकर वेळेवर येतोय न्हवं? आईचा गुडघा कसा हाय?

काल मी ताटं वाढते त्या हॉटेलात एक रिटायर फौजी जेवले आणि ताटाजवळ पन्नासची नोट ठेवून निघाले. मी मागं पळाले.

"आवं, तुमचं पैसं राहिलं."

"तुलाच ठेवलेत, पोरी."

"मला पगार हाय. वरचं घ्यायचं न्हाई, असं आमचे आप्पा सांगत्यात."

ते थांबले. म्हणाले, "मी फौजेत पंधरा वर्षं मेसमध्ये ताटं वाढली. मला कुणी कवा शाबासकी दिली न्हाई. तुझी शाबासकी तशी राहू नये."

मी नोट घेतली, आप्पा. तुमी रागवाल, ठाऊक हाय. पण परत दे म्हणू नगा, मी देणार न्हाई.

तुमची,
राणी